टेपवर नसलेला डावा हात

आप्पा, ह्या दोन हातांनी मी काय काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सांगायला तोंड राहील. आईच्या पाण्याच्या माठाच्या तोंडावर बसवलेला स्पीकर, आणि वायर आत न्यायला त्याच माठाच्या बुडाला पाडलेलं भोक. जळक्या सामानातून चांगले ट्रान्झिस्टर वेचून जोडलेला गल्लीतल्या मंडळाचा ॲम्प. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांवरचे आवाजाचे डबे, ते किती झाले हे मोजणं मी सोडून दिलं. गाड्यांच्या डिकीत बसणारी प्लायवूडची खोकी, ज्यांच्या सांध्यात पोस्टकार्डाची कड शिरत नाही. आणि बारा व्होल्टवर चालणारा, स्वतः तार गुंडाळलेला, गाडीतल्या बूफरचा माझा पहिला ॲम्प, ज्याचं बिडाच्या भांड्यासारखं जड खोकं तुम्ही ओतलंत. ह्यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही. दहावीनंतर मी वर्गात पाय ठेवला नाही आणि कुठल्या दुकानात कुणाच्या हाताखाली राबलो नाही. जळलेलं उघडायचं, का जळलं ते शोधायचं, पुन्हा जळणार नाही असं जोडायचं, एवढीच माझी शाळा. पण गेल्या महिन्यात माझ्या गाडीत बसवलेला नवा ॲम्प ह्यात धरू नका. तो मी केलेला नाही. विकत आणला.

हे तुम्हाला सांगताना मला अजून थोडं लागतं. तुमची सून म्हणाली, सुताराच्या घरात दुकानातला पाट आला म्हणायचा. खरं असं आहे की आता दुकानात मिळतात ते ॲम्प आकारानं आपल्या जुन्याच्या निम्मे आणि ताकदीनं पाचपट असतात, तापतही नाहीत. आपला दीडशे वॉटचा होता, हा आठशेचा आहे. नुसता ॲम्प मात्र मी बदलला नाही, तसं करणारे रस्त्यावर पुष्कळ आहेत. आधी बॅटरीपासून डिकीपर्यंतची वायर बदलली. हल्ली वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असली वायर तांब्याची म्हणून खपवतात. मी ब्लेडनं तार खरवडून आतला रंग बघितल्याशिवाय पैसे काढत नाही. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज घातला. अर्थिंगसाठी डिकीतल्या पत्र्यावरचा रंग चकचकीत धातू लागेपर्यंत घासला, कारण रंगावर बोल्ट आवळला की बूफर कण्हतो आणि लोक बूफरला शिव्या देतात. वायर बारीक असली तर प्रत्येक ठोक्याला गाडीचे दिवे मिचमिचतात. माझ्या गाडीचे मिचमिचत नाहीत.

पण हे सगळं का केलं ते सांगायला मला उद्यमनगरात जावं लागेल, तुमच्या फाउंड्रीत. मी डबा घेऊन येतो, तुम्ही काळ्या वाळूत गुडघ्यावर बसलेले असता. साच्याची वाळू तयार झाली की नाही हे तुम्ही कुठल्या यंत्रावर बघत नाही. मूठभर वाळू घेता, आवळता, मूठ उघडता. तळहातावर बोटांच्या खाचांसकट वळ उभा राहिला, आणि मधोमध मोडल्यावर दोन्ही तुकडे सरळ तुटले, की वाळू झाली. चुरा झाला तर पाणी कमी, हाताला चिकटली तर जास्त. दिवसभर लोखंडासाठी वाळू दाबायची आणि गुरुवारी संध्याकाळी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून गल्लीतल्या दत्ताच्या देवळात पखवाज घ्यायचा. पखवाज तुम्ही शाहूवाडीकडच्या आपल्या गावातून शिकून आलात, भातलावणीच्या चिखलात राबलेल्या लोकांकडून. शहरात आलात, गाव सुटलं, पण गुरुवार सुटला नाही.

त्या गुरुवारी आईच्या परातीतून कणकेचा एक गोळा बाजूला निघायचा. पखवाजाच्या उजव्या पुडीला कायमची शाई असते, डाव्या पुडीला नसते. डाव्या बाजूला वाजवायच्या आधी ओली कणीक थापायची, तेव्हा तिच्यातून तो खालचा, पोटातला आवाज निघतो. धुम. ती कणीक तुम्ही आईच्या हातून घ्यायचात आणि वाळूसारखीच मुठीत आवळून बघायचात. आई म्हणायची, चपातीला माझी कणीक चालती, तुमच्या ढोलक्याला तेवढी नखरं. तुम्ही हसून चार थेंब पाणी लावायचात. मग थोडी थापायची, एक थाप मारायची, कान कलता करायचा, बोटानं थोडी काढायची, पुन्हा थाप. मी शेजारी बसून बघायचो. थोडी कणीक चढली की आवाज खाली उतरतो, फार चढली की पुडी मुकी होते. वजनानं आवाज खाली जातो हे पुढं मी पुस्तकातल्या आकृत्यांमध्ये पाहिलं, तेव्हा मला त्यात नवीन काही वाटलं नाही. भजन संपलं की तुम्ही नखानं सगळी कणीक खरवडून काढायचात, पुडी फडक्यानं पुसायचात आणि कणकेचा तो कोरडा गोळा देवळामागच्या गाईला घालायचात.

माठाच्या स्पीकरची गोष्ट तुम्हाला आठवतच असेल. सहा इंची स्पीकर, आवाज सगळा नाकातून. मी विचार केला, आप्पा पुडीला लावतात तसं ह्याच्या कागदाला लावलं तर? आईची नजर चुकवून कणीक घेतली आणि स्पीकरच्या कागदावर मधोमध गोल थापली. आणि आवाज उतरला की, आप्पा! खरंच उतरला. त्या आनंदात मी तो तसाच ठेवून झोपलो. सकाळी कणीक नव्हती आणि कागदही नव्हता. उंदरांनी दोन्ही कुरतडून लोखंडाची नुसती चौकट ठेवली होती, आणि उरलेल्या चिकटव्यावर मुंग्यांची रांग. आईला माठाचं भोकही तेव्हाच दिसलं. ती मला झाडूनं हाणणार होती. तुम्ही मात्र ती चौकट हातात घेऊन उलटीपालटी करून बघितलीत. मला वाटलं आता बसतेय. तुम्ही म्हणालात, "लावलीस ती बरोबर लावलीस. पण वाजवून झालं की कणीक काढायची असती, लेका. एवढं बी ठावं न्हाय व्हय?" त्या रविवारी तुम्ही मला आठ इंची स्पीकर आणून दिलात. जुना होता, पण कागद शाबूत होता. माझ्या अंथरुणावर ठेवून कामाला गेलात.

मग मी थोडा मोठा झालो आणि एका गुरुवारी उसना टू-इन-वन, रेडिओ आणि टेप एकत्र असलेला, घेऊन देवळात आलो. देवळाच्या बोर्डात प्लग खोचला, टेप तुमच्या समोर ठेवला आणि कॅसेटची एक पूर्ण बाजू भरून घेतली. तुमचं वाजवणं टेपवर आहे ते तेवढंच. घरी येऊन लावलं तर टाळ आले, म्हाताऱ्यांचे गळे आले, तुमचा उजवा हात खणखणीत आला, खिळा ठोकल्यासारखा. डावा आला नाही. मी म्हणालो, स्पीकर लहान आहे. तुम्ही खांदे उडवून जेवायला बसलात. तुम्हाला टेपचं काय होतं, गुरुवार दर आठवड्याला येत होता.

माझा पहिला गाडीचा ॲम्प झाला तेव्हा त्याला खोकं नव्हतं. त्याची उष्णता ओढून घ्यायला फासळ्याफासळ्यांचं जाड ॲल्युमिनियम लागतं, हीटसिंक म्हणतात त्याला. बाजारातलं मला परवडत नव्हतं. मी लाकडाचा नमुना करून तुमच्या पुढं ठेवला, प्रत्येक फासळी मोजून, पटाशीनं. तुम्ही शेजारच्या ॲल्युमिनियमवाल्याला चहा पाजून, जेवणाच्या सुट्टीत त्याच्या भट्टीवर ते ओतलंत. साच्यातून नमुना उचलताना तळाच्या बाजूला वाळू जराशी ढासळली. उजव्या हातात थापी होती, म्हणून तुम्ही डाव्या अंगठ्यानं ओली वाळू तिथं दाबली. साच्यात जिथं खळगा पडतो तिथं ओतलेल्या वस्तूवर उंचवटा येतो. तसा आला. खोक्याच्या तळाला, एका कोपऱ्यात, तुमच्या अंगठ्याचा फुगवटा.

मला तो खपला नाही. तळ सपाट पाहिजे, मी म्हणालो, नाहीतर फळीवर नीट बसणार नाही. मी कानस काढली. दोनदा फिरवली तोवर तुम्ही माझं मनगट धरलंत. "ऱ्हाऊ दे की. खालच्या अंगाला हाय, कुणाला दिसतंय?" मी म्हणालो, मला दिसतंय. तुम्ही म्हणालात, "तुला दिसंल तवा बघू." मी रुसून चार कोपऱ्यांना वायसर घालून ते खोकं फळीपासून उचललं, म्हणजे फुगवटा टेकणार नाही, आणि बोल्ट आवळले. ते पहिल्या सेकंडहँड गाडीत बसवल्यावर तुम्ही मागच्या सीटवर, वाळूच्या कपड्यांनी, खाली वर्तमानपत्र घालून बसलात. मी एक गाणं लावलं आणि आरशातून तुमचं तोंड बघत राहिलो. गाणं संपल्यावर तुम्ही उतरलात, दार हळू लावलंत आणि म्हणालात, लई हाय, पण कणीक जास्त झाली. मला राग आला. तुम्ही कामावर गेल्यावर मी ॲम्पचं बटण थोडं मागं फिरवलं. तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं. आज कुठल्याही गिऱ्हाइकाची गाडी मी हातावेगळी करतो तेव्हा शेवटी मनात हेच विचारतो, कणीक जास्त झाली का.

तुम्ही गेलात त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. गाडी बदलली, मी ॲम्प फळीसकट उचलून ह्या गाडीत आणला. टेप एका पोरानं पेनड्राइव्हवर उतरवून दिली. आठ इंची बूफरनंतर दहा इंची, दहानंतर बारा. दर वेळी नवं काही बसवलं की पहिल्यांदा लावायचं ते तुमचं भजन, आणि दर वेळी तुमचा डावा हात येत नाही, आणि दर वेळी मी म्हणतो, अजून थोडी ताकद कमी पडते आहे. घरालगतच्या माझ्या दुकानात मीच लोकांना सांगत असतो, पावणं, गाण्यात न्हाय ते ॲम्प कुठनं आणणार, ॲम्प हाय तेच मोठं करतोय. हे मी दिवसातून चारदा सांगतो. स्वतःला एकदाही सांगितलं नाही. देवळात जाऊन तोच पखवाज ऐकावा म्हटलं तर तो आहे, वाजतोही. वाजवणारा चांगला आहे. पण त्याची थाप त्याची आहे.

तर गेल्या महिन्यात हा आठशेचा बसवला. मांडणी जुळली, दुसरी गाणी लावून बघितली, आरशातला रस्ता थरथरायला लागला, तेव्हा पेनड्राइव्ह लावला. आणि आप्पा, आलं. टाळांच्या खालून, गळ्यांच्या खालून, पोटात काहीतरी उठलं. जाड, गोल, खोल. माझा हात स्टिअरिंगवरच राहिला. वाटलं, हेच. एवढीच ताकद कमी होती, आणि मी उगीच इतकी वर्षं कंजूषपणा केला. मी घरात जाऊन आईला हाताला धरून आणलं, पुढच्या सीटवर बसवलं. तिला आता गुडघ्यांनी उतरायला-चढायला होत नाही. बसल्या बसल्या मागं वळून बघितलं आणि म्हणाली, एवढं मोठं खोकं घातलंस, आता बाजारची पिशवी काय टपावर ठेवायची? मी म्हणालो, ऐक आधी.

तिनं ऐकलं. पदर डोक्यावरून घेतला, देवळात घ्यायची तसा, आणि डोळे मिटले. तुमचा उजवा हात सुरू झाल्यावर तिची बोटं मांडीवर हलायला लागली. थोड्या वेळानं थांबली. तिनं डोळे उघडले.

"हात त्यांचाच हाय. पण ह्यो उजवा. डावा कुठं हाय?"

मी म्हणालो, खालचं ऐक की, पोटात लागतंय ते.

"ते ठोक्यावर कुठं पडतंय? ते नुसतं घूं करालंय. गिरणी चालल्यावानी."

मी पुन्हा ऐकलं. मग मला आईच्या कानांनी ऐकू आलं. ती घूं कुठंच तुटत नव्हती. भजन चढत होतं, उतरत होतं, थांबत होतं, आणि ती आपली एकसारखी. ती विजेची घूं होती, आप्पा. मी देवळाच्या बोर्डात प्लग खोचला होता ना, त्या विजेची. इतकी वर्षं ती टेपच्या तळाशी बारीक होऊन पडली होती, आठशे वॉटनं ती मोठी केली. त्या टेपचा माइक शेंगदाण्याएवढा, तुमचा डावा हात त्यात कधी शिरलाच नव्हता. जो शिरलाच नाही तो कुठल्याही ॲम्पमधून बाहेर येणार नाही. माझ्या धंद्यातल्या कुणालाही हे एका मिनिटात कळलं असतं.

"टेपवरच न्हाय, आई," मी म्हणालो. हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणालो.

"मग ह्ये एवढं कशाला बसवलंस?"

मी आवाज बंद केला. उतरताना आईनं माझ्या खांद्यावर भार दिला आणि तो पायऱ्या संपल्या तरी काढला नाही. मी परत येऊन पेनड्राइव्ह काढला आणि दुकानातल्या गल्ल्याच्या खणात ठेवला. वाजवून झालं होतं. कणीक काढायला पाहिजे होती.

फळीवरून काढलेला आपला जुना ॲम्प तेव्हा दुकानातल्या टेबलावर पडला होता. बोल्ट इतके गंजले होते की दोन कापून काढावे लागले होते. आतले भाग वापरण्यासारखे आहेत का बघावं म्हणून मी तो उलटा केला. कोपऱ्यात तुमचा अंगठा. मी तो विसरलो नव्हतो, पण बोल्ट आवळल्यापासून त्याला बघितलंही नव्हतं. मला वाटायचं तो ओबडधोबड गोळा असेल. तसा नाही. टोकाला रुंद, पेराकडं थोडा आत दबलेला, नखाच्या बाजूला कलता. रेषा उठलेल्या नाहीत, साच्याची वाळू तेवढी बारीक नसते, मी खोटं सांगणार नाही. पण कललेला आहे तो तुम्ही कणीक पुडीच्या कडेला दाबायचात तसाच. त्याच्यावर माझ्या कानशीचे दोन ओरखडे आहेत, अजून चकाकतात. मी माझा अंगठा त्यावर ठेवून बघितला. माझा लहान आहे. तुमच्या वयाला मी आता पोचलो, पण माझा अंगठा लहानच राहिला.

आता तो ॲम्प टेबलामागच्या फळीवर असतो, तळ वर करून. त्याच्यातलं सगळं काढलं आहे, नुसतं खोकं. परवा गडहिंग्लजहून एक गिऱ्हाईक आलं होतं, जुन्या गाड्यांचा शौकीन, माझ्याच वयाचा, बोलायला मोकळा. त्याची गाडी जोडून होईतो दुकानात हिंडत होता. त्याला त्या फासळ्या दिसल्या. "ह्यो कुठल्या कंपनीचा माल म्हणायचा, पावणं?" मी म्हणालो, घरचाच हाय. त्यानं तो उचलला, वजन बघून तोंड वाकडं केलं, फासळ्यांवरून बोट फिरवलं. म्हणाला, असं ओतकाम आता कुणी करत न्हाय, माझ्या जुन्या गाडीत नवा बोर्ड ह्याच्यात घालून दे, नाहीतर नुसतं खोकं दे. पाच हजारांपासून सुरुवात केली. मी मान हलवली तशी त्याला वाटलं मी भाव वाढवतोय, आणि तो चढत गेला. चहा आला, चहा संपला, तो चढतच होता. शेवटी त्यानं तळाकडं बोट दाखवून विचारलं, इथं हे काय, ओतताना चुकलंय का? मी म्हणालो, हो, थोडं चुकलंय.

हे तुम्ही असतात तर मी तुम्हाला सांगितलं नसतं. तुमच्या पुढं मी असलं कधी बोललो नाही, आणि तुम्ही मला येडा म्हणाला असतात. हा कागदही कुठं टाकायचा नाही, टाकायला पत्ता नाही. पण एक सांगून ठेवतो. पावणा गेल्यावर मी दुकानाचं शटर निम्मं खाली ओढलं, आईकडून कणकेचा गोळा मागून आणला, मुठीत आवळून बघितला आणि तुमच्या अंगठ्यावर थापला. आत खळगा उमटला, तुम्ही वाळूत पाडलेला होता तसाच. त्यात माझा अंगठा ठेवला, आणि मग ती कणीक नखानं सगळी खरवडून काढली.

पावण्याचा शेवटचा आकडा अठ्ठावीस हजार होता. मी नको म्हणालो.